पाटीवरचा दुसरा एम

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी वरच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलींना द्यायच्या ठरवल्या आणि फाटकाशी पाटी लावायला पेंटर बोलावला. पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारून झाला होता. त्यावर खडूनं अक्षरांच्या चौकटी आखलेल्या. शिकवणीच्या मुलांना सोडायला मी खाली आले, तर त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि विचारलं, "मॅडम, अकोमोडेशनला एम एक का दोन?"

"दोन. आणि सीसुद्धा दोन."

त्यानं बोटानं चौकटी मोजल्या. दोन कमी पडत होत्या. "बोलताना तर एकच येतोय की," असं पुटपुटत त्यानं ओल्या फडक्यानं अख्खी ओळ पुसून टाकली.

त्याची तक्रार अगदी रास्त होती. घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेता घेता माझी लाल शाई सगळ्यात जास्त कुठे खर्च झाली असेल, तर ती या जोडीच्या अक्षरांवर. अकोमोडेशन, एम्बॅरस, नेसेसरी, रेकमेंड, ऑकरन्स, कमिटी, प्रोफेसर. अवघड अर्थाचा यात एकही शब्द नाही. रोज बोलण्यातले आहेत, आणि म्हणूनच घात करतात, कारण आपण ते वाचून नाही, ऐकून शिकलेलो असतो. त्यातून हे शब्द मराठीत आले ते देवनागरीतून, आणि येताना त्यांनी आपली जोडी उंबऱ्याबाहेरच ठेवली. आपण ‘कमिटी’ लिहितो, ‘कम्मिट्टी’ नाही. ‘ऑफिस’ लिहितो, ‘ऑफ्फिस’ नाही. मग पोरानं ‘कमिटी’चं परत इंग्रजी करताना एक एम आणि एक टी लिहिला, तर त्यात त्याचं काय चुकलं?

मराठी माणसाला जोडाक्षर कानानं कळतं, सगळी मेख इथेच आहे. ‘तिनं चिठ्ठी दिली’ आणि ‘तिनं दिल्ली पाहिली’ यांत चार वर्षांचं मूलही गोंधळत नाही. ‘कला’ वेगळी, ‘कल्ला’ वेगळा. ल्लला जीभ टाळूशी क्षणभर अडते, आणि तेवढ्यानं अर्थ बदलतो. आपल्याकडे अक्षर दोनदा लिहिलंय म्हणजे ते लांबवून म्हणायचं, असा सरळ हिशेब आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हाच हिशेब होता. तेव्हा मुलाला ‘सुनु’ म्हणत आणि सूर्याला ‘सुन्ने’. एकाला एक एन, दुसऱ्याला दोन, आणि दोन असले की ते दोन ऐकू येत. (त्या ‘सुनु’त संस्कृतातला ‘सूनु’ ओळखू आला असेलच. अर्थही तोच, मुलगा.) पुढच्या काही शतकांत ही लांबी झिजत गेली. आजच्या इंग्रजीत शब्दाच्या पोटात व्यंजन लांबत नाही. बटरमधले दोन टी, समरमधले दोन एम, हॅपीमधले दोन पी, सगळे एकाच्याच मापाने म्हटले जातात. दोन वेगळे शब्द शेजारी येऊन चिकटले, उदाहरणार्थ बुककेस किंवा मिडडे, तरच काय ती जीभ थोडी रेंगाळते.

आपण मात्र उलटी गंमत करतो. स्पेलिंगमध्ये दोन पी दिसले की आपल्या जिभेला राहवत नाही, म्हणून चौकातल्या फ्लेक्सवर ‘हॅप्पी बड्डे’ आणि फळवाल्याकडे ‘अ‍ॅप्पल’. इंग्रज ऐकून हसेल, पण आपल्या दृष्टीनं ते वाचन चोख आहे. दोन लिहिलेत ना, मग दोन म्हणणार! आणि खरं सांगायचं तर जो मुलगा ‘हॅप्पी’ म्हणतो त्याचं हॅपीचं स्पेलिंग सहसा चुकत नाही.

तर कान इथे साक्ष देत नाही. मग पाटीवरचा दुसरा सी आणि दुसरा एम आले कुठून?

ते आले संधीतून. शाळेत घोकलेला व्यंजनसंधी आठवून पाहा: त् पुढे ल् आला की त् चा ल् होतो. उत् आणि लेख, उल्लेख. तत् आणि लीन, तल्लीन. पुढे ज आला तर त् चा ज्, म्हणून सत् आणि जन यांचा सज्जन. पुढे न आला तर जगत् आणि नाथ यांचा जगन्नाथ. पहिल्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्याचं रूप घेतं आणि तिथे जोडी तयार होते.

लॅटिनमध्ये नेमकं हेच चालायचं. तिथे ‘अ‍ॅड’ नावाचा एक उपसर्ग होता. अर्थ ‘कडे’, ‘जवळ’. स्पेलिंग ए-डी. त्याच्यापुढे सीनं सुरू होणारा शब्द आला की डीचा सी व्हायचा, पीनं सुरू होणारा आला की पी, एफ आला की एफ, टी आला की टी. अकाउंट, अ‍ॅक्सेप्ट, अपील, अफेअर, अ‍ॅग्रेसिव्ह, अलाउन्स, अनाउन्स, अराइव्ह, असिस्ट, अटेंड, या सगळ्यांच्या सुरुवातीला तोच एक अ‍ॅड वेश बदलून बसलाय. आपल्या ‘उत्’नं उच्चार, उज्ज्वल, उन्नती, उल्लास अशा घरांत जसे कपडे बदललेत, तसाच. ‘कॉम’ म्हणजे ‘सह’. त्याचं एलपुढे कोल झालं, म्हणून कलेक्टला दोन एल. आरपुढे कोर झालं, म्हणून करेक्टला दोन आर. नकाराचा ‘इन’ एलपुढे इल झाला आणि इल्लीगल घडला, आरपुढे इर झाला आणि इर्रेग्युलर. ‘ऑब’चे ऑफर, ऑकर, अपोज झाले. ‘सब’चे सपोर्ट, सक्सेस आणि सोसणं या अर्थाचा सफर.

रोमन लोक या जोड्या म्हणतही असत. इंग्रजीनं शब्द घेतले, उच्चार सोडून दिला आणि कागदावरची शिवण तेवढी तशीच ठेवली. म्हणून इंग्रजीत जोडीचं अक्षर दिसलं की मी मुलांना सांगते, कान बाजूला ठेवा आणि शिवण शोधा.

आता अकोमोडेशन उसवून बघू. अ‍ॅड, कॉम आणि ‘मोडुस’ म्हणजे माप. एखाद्याला मापात बसवून घेणं, सामावून घेणं. काकूंच्या दोन खोल्यांत चार मुली बसवणं म्हणजे तेच की. अ‍ॅडपुढे कॉमचा सी आला, डीचा सी झाला, दोन सी झाले. पुढे कॉमचा शेवटचा एम आणि मोडुसचा पहिला एम शेजारीशेजारी आले, दोन एम झाले. मोडुसनंतर कसलाच सांधा नाही, म्हणून डी एकच. दोन शिवणी, दोन जोड्या. उसवून पाहिलेला शब्द पुन्हा चुकत नाही, निदान माझ्याकडची मुलं तरी फारशी चुकत नाहीत.

या दोन शिवणींची जात मात्र वेगळी आहे. सीची जोडी अक्षर बदलून झाली, उल्लेखासारखी. एमची जोडी काहीच न बदलता, दोघे नुसते शेजारी आल्यानं झाली. तिचा मराठी भाऊ म्हणजे ‘महत्त्व’. महत् मधला त् आणि त्व मधला त्, म्हणून दोन त. वर्तमानपत्रांपासून लग्नपत्रिकांपर्यंत आपण ‘महत्व’ लिहितो ना, ती चूक आणि एका एमची अकोमोडेशन ही चूक, दोघी सख्ख्या बहिणी. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व यांना दोन त, कारण मूळ शब्दाच्या शेवटी त् आहे. नेतृत्व, मातृत्व, व्यक्तित्व यांना एकच, कारण तिथे मूळ शब्द स्वरावर संपतो. आणि उज्ज्वल! उत् आणि ज्वल, म्हणजे दोन ज हवेत. पण भल्याभल्यांच्या हातून एकच पडतो, कारण बोलताना एकच येतो. पेंटरची तक्रार मराठीलाही लागू आहे म्हणायची.

स्वराची ही गोष्ट इंग्रजीत फार उपयोगी पडते. उपसर्ग स्वरावर संपत असेल तर जोडी होण्याचं कारणच नाही. री, प्रो, प्री, डी हे उपसर्ग पुढच्या अक्षराला दुप्पट करत नाहीत. रेकमेंड म्हणजे री आणि कमेंड. म्हणून सी एक आणि एम दोन, तेही कॉमच्या कृपेनं. प्रोफेसर म्हणजे प्रो आणि फेस, हा फेस कन्फेसमधलाच. म्हणून एफ एकच आणि एस दोन. प्राध्यापक मंडळींच्या दारावरच्या पाट्यांवर मी दोन एफ पाहिलेत, पण सांगणार कोण?

नेसेसरी हा शब्द तर मुलांचा कर्दनकाळ. सी एक, एस दोन. यावर इंग्रजांच्या मुलांना शर्टाचा मंत्र शिकवतात: कॉलर एक, स्लीव्ह दोन. कॉलरचा सी, स्लीव्हचा एस. मंत्र चांगला आहे, पण मला त्याहून शब्दाची आतली रचना आवडते. ‘सेस’ नावाचा एक तुकडा आहे, सी-ई-एस-एस, जाणे-हटणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला. तो जिथे जाईल तिथे आपले दोन एस घेऊन जातो. प्रोसेस, रिसेस, अ‍ॅक्सेस, सक्सेस. प्रो आणि री स्वरावर संपतात, म्हणून प्रोसेस-रिसेसला एक सी. अ‍ॅड आणि सब व्यंजनावर संपतात, म्हणून अ‍ॅक्सेस-सक्सेसला दोन. नेसेसरीतला ‘ने’ म्हणजे ‘न’, तोही स्वरावर संपतो, म्हणून एक सी. ‘जिथून हटता येत नाही’ ते नेसेसरी. एक तुकडा ओळखता आला की पाच शब्द सुटले.

लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूवर ऑकेजन शब्द हमखास येतो, आणि त्याला दोन एस लावायची हौसही हमखास असते. हा शब्द ‘ऑब’ आणि ‘पडणे’ या अर्थाच्या धातूपासून झालाय. आपणही ‘प्रसंग येऊन पडला’ असंच म्हणतो. ऑबच्या बीचा सी झाला, म्हणून दोन सी. पुढे शिवण नाही, एस एकच.

असेस या शब्दात चार एस. इन्कम टॅक्सवाल्यांनी तो घराघरांत पोचवलाय. अ‍ॅड म्हणजे जवळ, आणि पुढचा धातू ‘बसणे’. न्यायाधीशाच्या शेजारी बसून हिशेब ठरवायला मदत करणारा तो असेसर. हा ‘बसणे’ धातू आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच मुळाचे. उप, नि आणि सद् मिळून जवळ बसणे, त्याचं झालं उपनिषद. गुरूजवळ बसलं तर उपनिषद आणि कर ठरवणाऱ्याजवळ बसलं तर असेसमेंट. माझ्या एका विद्यार्थिनीला हे इतकं आवडलं, की तिनं सीए असलेल्या बाबांना लगेच फोन करून सांगितलं.

शिवणीचा नियम जोडी कुठे नसते हेही सांगतो. इनॉक्युलेट म्हणजे टोचणी करणं. करोनाच्या काळात हा शब्द सगळीकडे होता आणि त्याला बहुतेक जण दोन एन लावत होते. त्याचे तुकडे इन आणि ‘ओक्युलुस’, म्हणजे डोळा. ओक्युलुस स्वरानं सुरू होतो, म्हणून एन एक, आणि मुळातच सी एक. टोचणीत डोळा कशाला? तर हा शब्द आधी बागेतला होता. एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणं म्हणजे इनॉक्युलेट. आपले बागायतदार आजही संत्र्याला, गुलाबाला ‘डोळा भरतात’. रोमन माळ्याला आणि विदर्भातल्या संत्रावाल्याला एकच शब्द सुचला. इनोसंटला मात्र दोन एन, कारण तिथे ‘इन’ला लागून आलेला अपाय या अर्थाचा शब्द एननंच सुरू होतो. जो अपाय करत नाही तो इनोसंट.

व्हॅक्सीनला सी दोन आहेत, पण ती शिवण नव्हे. लॅटिनमध्ये गाईलाच ‘वाक्का’ म्हणत, दोन सीनं. १७९६ साली एडवर्ड जेनरनं गाईच्या देवीचा चीक टोचून माणसाची देवी रोखता येते हे दाखवलं आणि गाईचं नाव लशीला मिळालं. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तर व्हॅक्सीनचे दोन सी म्हणजे गाईची दोन शिंगं, असं मी वर्गात सांगते. शास्त्राला धरून नाही, पण लक्षात राहतं.

शेपटाकडची शिवणही याच रीतीची. शब्द एनवर संपला आणि पुढे ‘नेस’ लागला तर ओपननेससारखे दोन एन. एलवर संपला आणि ‘ली’ लागला तर फायनली, रिअली, युज्वली यांना दोन एल. डिसपॉइंट म्हणजे डिस आणि अपॉइंट, म्हणून एस एक, पी दोन. डिससॅटिस्फाइडला मात्र दोन एस. आणि मिसस्पेल, म्हणजे चुकीचं स्पेलिंग करणं, याचंच स्पेलिंग सगळ्यात जास्त चुकतं असं गमतीनं म्हणतात. मिसचा एक आणि स्पेलचा एक, असे दोन एस.

आता दुसरं प्रकरण. इथे शिवण नाही, इथे पहारा आहे.

एका हायवेवरच्या हॉटेलात जेवणघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘डायनिंग हॉल’ लिहिलं होतं, दोन एन घालून. असं लिहिलं की त्याचं वाचन ‘डिनिंग’ होतं. इंग्रजीत स्वरानंतर एकच व्यंजन असून पुढे पुन्हा स्वर आला, तर आधीचा स्वर बहुधा ऐसपैस पसरतो: डाइन, डायनिंग. मध्ये दोन व्यंजनं उभी केली की स्वर आखडतो: डिनर. दुसरं व्यंजन म्हणण्यासाठी नसतंच, ते आधीच्या स्वरावर पहारा ठेवायला उभं असतं. होपिंग म्हणजे आशा करणं, पी एक. हॉपिंग म्हणजे लंगडी घालणं, पी दोन. लेटरला एक टी असला तर ‘नंतर’, आणि लॅटरला दोन टी असले तर ‘दोहोंतला दुसरा’. सुपरला एक पी, पण सपर म्हणजे रात्रीच्या जेवणाला दोन. मुलं हमखास चुकतात ते रायटिंगला. राइट, रायटिंग यांत आय लांब आहे, टी एक. रिटनमध्ये आय आखडलाय, टी दोन. एकाच क्रियापदाच्या दोन रूपांत दोन न्याय लागल्यानं पोरं वैतागतात, पण न्याय एकच आहे.

हा पहारा मराठीला परका नाही. आपल्या शुद्धलेखनात जोडाक्षराच्या आधीचे इकार-उकार साधारणपणे ऱ्हस्व असतात: किल्ला, मुद्दा, शिस्त, कुस्ती, विस्तव, मुक्काम. पुढे जोडाक्षर आलं की आधीचा स्वर आखडता घ्यायचा. डिनर आणि किल्ला एकाच नियमानं चालतात, हे कळल्यावर माझा स्वतःचा इंग्रजीवरचा राग बराच निवळला होता.

हा पहारा सगळ्यात कडक कुणी बसवला असेल, तर बाराव्या शतकातल्या एका इंग्लिश साधूनं. लिंकनशरमधला ऑर्म. त्यानं बायबलमधल्या कथांवर प्रवचनाचं पद्य लिहिलं, त्याच्या सुमारे १९ हजार ओळी आज उरल्या आहेत. वाचणाऱ्यानं स्वर चुकीचा म्हणू नये म्हणून त्यानं आखूड स्वरानंतरचं व्यंजन दोनदा लिहिण्याचा सपाटा लावला. ‘अँड’लासुद्धा दोन एन. शिवाय पोथी उतरून घेणाऱ्यांना बजावून ठेवलं, की जिथे मी अक्षर दोनदा लिहिलंय तिथे तुम्हीही दोनदाच लिहा. पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, त्याच्या स्वतःच्या हातची. दुसरी प्रत आजवर सापडलेली नाही. एवढी जोडअक्षरं पाहून उतरवणाऱ्यांनी हात जोडले असावेत, असा माझा आपला अंदाज.

काही अक्षरांना हा पहारा थेट देता येत नाही. के सहसा दुप्पट होत नाही, त्याच्या मदतीला सी येतो: बॅक, पॅक, लॉक. ‘ज’च्या उच्चारासाठी दोन जे लिहीत नाहीत, डी आणि जी हातात हात घालतात: बॅज, ब्रिज. सीएचच्या आधी टी उभा राहतो: कॅच, मॅच. म्हणजे मॅचमधला तो मुका टी फुकटचा नाही, तो पहारेकरी आहे. व्ही तर दुप्पट होणं टाळतोच, कारण जुन्या लिखाणात दोन व्ही शेजारी आले की डब्ल्यू वाटायचा. पिकनिकचं पिकनिकिंग करताना मध्ये के शिरतो, तोही सीला ‘स’ होण्यापासून वाचवायला.

क्रियापदाला ‘ईडी’ किंवा ‘आयएनजी’ लावताना शेवटचं अक्षर दुप्पट करायचं की नाही, हा परीक्षेतला लाडका प्रश्न. एकाच उच्चारघटकाचे शब्द सोपे आहेत. स्टॉप, रन, सिट, आखूड स्वर आणि शेवटी एक व्यंजन, म्हणजे दुप्पट करा. रेन, ईट यांत दोन स्वरचिन्हं आधीच आहेत आणि हेल्पला दोन व्यंजनं, तिथे काही करू नका. अडचण लांब शब्दांची. पुस्तकात लिहितात, ‘आघात शेवटच्या घटकावर असेल तर दुप्पट करा.’ हे वाचून मराठी मूल कोऱ्या चेहऱ्यानं बघतं, कारण आपण शब्द सपाट म्हणतो, आघातानं आपल्याकडे अर्थ बदलत नाही. मी मुलांना बाकावर टिचकी मारत शब्द म्हणायला लावते. रि-फर म्हणताना टिचकी ‘फर’वर पडते, ऑ-फर म्हणताना ‘ऑ’वर. म्हणून रिफर्डला दोन आर, ऑफर्डला एक. बिगिनिंगला दोन एन, ओपनिंगला एक. ऑकरची टिचकी ‘कर’वर, म्हणून ऑकर्ड आणि ऑकरन्स दोन्हींत दोन आर. सुरुवातीचे दोन सी शिवणीचे, पुढचे दोन आर पहाऱ्याचे. या एका शब्दात दोन्ही प्रकरणं भेटतात, म्हणून तो इतक्यांना आडवा येतो. रेफरन्स आणि प्रेफरन्समध्ये टिचकी पहिल्या घटकावर सरकते, आणि दुसरा आर गळतो. कमिटेडला दोन टी, पण कमिटमेंटला एकच, कारण पुढचा तुकडा व्यंजनानं सुरू होतो, पहारा कुणावर ठेवायचा? कमिटीला दोन एम, दोन टी, दोन ई. सोसायटीच्या कमिटीत जेवढे लोक एकमेकांशी बोलतात त्याहून जास्त जोड्या या शब्दात आहेत.

एलनं या नियमात एक भांडण लावून दिलंय. ट्रॅव्हल, कॅन्सल यांची टिचकी पहिल्यावर पडते, तरी ब्रिटिश लोक ट्रॅव्हलिंग आणि कॅन्सल्डला दोन एल देतात. अमेरिकेत नोआ वेबस्टरनं असल्या फुकटच्या अक्षरांविरुद्ध मोहीमच उघडली होती. त्याचा मोठा शब्दकोश १८२८ साली आला, आणि अमेरिकन ट्रॅव्हलिंगचा एक एल कायमचा गेला. आपण ब्रिटिश वळणाचे. म्हणून बरोबर लिहिलेल्या ट्रॅव्हलिंगखाली संगणक लाल नागमोडी रेघ मारतो, तेव्हा घाबरून एल खोडू नका. यंत्राची भाषा अमेरिकन ठेवलेली असते, एवढंच. कॅन्सलेशनला मात्र दोन्हीकडे दोनच एल. का, म्हणून विचारलं तर टिचकी ‘ले’वर गेली, पण ती एलच्या आधी पडायला हवी होती, म्हणजे नियमानं हेही बसत नाही. जाऊ द्या.

राहिले ते उपरे. एम्बॅरसला दोन आर, दोन एस आणि हॅरसला एक आर, दोन एस. दोन्ही फ्रेंचमधून आपापलं सामान घेऊन आले, त्यात इंग्रजीचा नियम शोधू नये. इटलीतून आलेल्या कॅपुचिनोला दोन पी आणि दोन सी, कारण इटालियन माणूस ते आजही लांबवून म्हणतो, अगदी आपल्या दिल्लीसारखे. टॅरिफला एक आर, दोन एफ. क्वेश्चनेअरला दोन एन, मिलिअनेअरला एक. फ्रेंचमध्ये दोघांनाही दोन आहेत, इंग्रजीत श्रीमंताचा एक गळाला. फिलिपिन्सला एक एल, दोन पी. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या नावावरून देशाचं नाव, आणि फिलिप म्हणजे ग्रीकमध्ये घोड्यांवर प्रेम करणारा. तिथला घोडा ‘हिप्पोस’, दोन पीचा. पण त्या देशाचा रहिवासी फिलिपिनो, त्याला पी एकच, कारण हा शब्द स्पॅनिशमधून आला आणि स्पॅनिशला दोन पी चालत नाहीत. पॅरललमध्ये मधोमध दोन एल उभे असतात, समांतर. इतकं सोयीचं स्पेलिंग दुसरं नाही, तरी मुलं ती जोडी शब्दाच्या शेवटी नेऊन ठेवतात.

महिन्याभरानं तोच पेंटर मागच्या गल्लीतल्या नव्या इमारतीवर शिडी लावून दिसला. मला पाहून हसला आणि वर बोट दाखवलं. निळ्या रंगात ‘अपार्टमेंट’, ठसठशीत दोन पी.

"तुम्हीच म्हणाला होता ना, ए नंतर जोडी येते म्हणून."

खालून सांगायचं जिवावर आलं होतं, पण सांगितलं. हा इटालियन ‘आ पार्ते’चा शब्द, म्हणजे बाजूला, वेगळं. इंग्रजीत त्याला पी एकच. फ्रेंच लोक मात्र दोन लिहितात.

तो शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरला, पाटीकडे लांबून पाहिलं आणि म्हणाला, "मग राहू द्या की मॅडम. बिल्डरला सांगतो, फ्रेंच आहे."